कर्जदाराच्या दारात कुणी उभे राहायचे?



आपल्या पॅरिशमध्ये कुणी आजारी पडले की आपण भेटायला जातो, बिछान्याजवळ बसून रोझरी म्हणतो. कुणाचे निधन झाले की त्या घरी जेवण पोचवतो. पण कुणाच्या दारात फायनान्सवाले येऊन बसले, तर आपण आपली खिडकी लावून घेतो. थकलेले कर्ज म्हणजे त्या घराची लाजिरवाणी गोष्ट, त्यात आपण पडू नये, अशी आपली समजूत आहे. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे, आणि ख्रिस्ती तर मुळीच नाही.

आपल्या बेळगाव भागात गटाचे कर्ज घराघरांत पोचले आहे. मुलीचे लग्न, दवाखाना, कॉलेजची फी, गळके छप्पर, कारणे साधीच असतात. काही बायका मिळून गट करतात आणि एकमेकींना जामीन राहतात. एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला सगळ्यांनाच बसवून ठेवतो. मग त्याला आवाज चढवावा लागत नाही, ते काम शेजारणीच करतात. घरभेटींना गेल्यावर मला कळते की एखादी बहीण महिनोन् महिने मिस्साला का येत नाही. देवावरचा तिचा विश्वास कमी झालेला नसतो. गटातल्या बाया चर्चच्या पायरीवर भेटतील, या भीतीने ती घरी बसते.

पवित्र शास्त्र याविषयी गप्प नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देणेकऱ्याला स्पष्ट आज्ञा आहे: गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तोच वस्तू बाहेर आणून देईल. त्याच अध्यायात कुणाचे जाते गहाण घेण्यास मनाई आहे, कारण ज्यावर पोट चालते तेच न्यायचे नाही. कर्ज परत मागू नये असे देव म्हणत नाही. पण मागताना माणसाचा उंबरठा आणि त्याची अब्रू ओलांडू नये, असे तो सांगतो.

आजचा आपल्या देशाचा नियमही बराचसा हेच सांगतो, फक्त आपल्याला तो ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी मायक्रोफायनान्स कर्जांसाठी निर्देश काढले. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेले कर्ज त्यात येते. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हावी. तिथे कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच घरी किंवा कामावर जाता येते. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, सतत फोन, नातेवाईक व सहकाऱ्यांना त्रास, थकबाकीदारांची नावे जाहीर करणे, हे सर्व निषिद्ध आहे. वसुली एजंटाजवळ ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र हवे. ते मागणे हा उद्धटपणा नव्हे.

बँकांच्या आणि फायनान्स कंपन्यांच्या इतर बहुतेक कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही फोनची मर्यादा घातली. चारचौघांत अपमान करणे तिथेही चालत नाही. आणि केवळ हप्ता थकला म्हणून कुणी वसुलीवाला तुम्हाला अटक करवू शकत नाही. दिलेला चेक न वटणे ही मात्र वेगळी बाब आहे. त्याची नोटीस आली तर लगेच वकिलाला दाखवा.

त्रास झाला तर तारीख, वेळ आणि माणसाचे नाव वहीत लिहून ठेवा. पावत्या व कर्जाचे कार्ड जपून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मारहाण किंवा धमकी असेल तर थेट पोलिसांकडे जा. वसुलीच्या जाचाने लोकांनी गावे सोडल्याच्या, जीव दिल्याच्या बातम्या आल्यावर कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला. त्यात जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड ठेवला आहे.

कुणी म्हणेल, असे सांगितले तर लोक पैसे बुडवायला शिकतील. ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर मला २ राजे, चौथ्या अध्यायातील विधवेच्या गोष्टीत दिसते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करायला येतो. अलीशा तिला कर्ज विसर म्हणत नाही. घरात काय आहे ते विचारतो, तेल विकून देणे फेडायला आणि उरलेल्यावर मुलांसह जगायला सांगतो. देणे फिटले पाहिजे आणि माणूसही जगला पाहिजे. हप्ता झेपत नसेल तर लपू नका. लेखी अर्ज करून मुदत वाढवून मागा. एक कर्ज फेडायला दुसरे काढू नका.

त्या गोष्टीत शेजारी काय करतात हेही पाहा. ते रिकामी भांडी देतात. पैसा कुणी दिला नाही, तरी भांड्यांवाचून ते तेल साठले नसते. आपली भांडी कोणती? अर्ज लिहून देणारा एक शिकलेला तरुण. वसुलीच्या दिवशी त्या बहिणीशेजारी शांतपणे बसणारे दोघे जण. बँकेत काम केलेला एखादा निवृत्त बांधव, जो मिस्सानंतर अर्धा तास कागद वाचून समजावील. आणि गटातल्या बहिणींनो, तुमचा हप्ताही घामाचाच आहे, हे मी जाणतो. तरी तिला शिवी देण्याआधी सगळ्या मिळून कंपनीकडे मुदत मागा.

जी व्यक्ती आज कर्जामुळे जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार करते आहे, तिला एवढेच सांगतो: आजच कुणाला तरी सांगा. फादरांना, सिस्टरांना, मला, शेजारणीला. रात्री उशिरा सांगितले तरी चालेल. तुमचा जीव कोणत्याही रकमेपेक्षा मोठा आहे, कारण त्याची किंमत प्रभूने क्रूसावर दिली आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'ऋण' हाच शब्द आहे. ती प्रार्थना आपण रोज म्हणतो. मग ऋणात अडकलेल्याला पाहून खिडकी लावायची, की त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे आपण या आठवड्यात ठरवू या. प्रभू आपणांस तेवढे धैर्य देवो. आमेन.