सूट की उपेक्षा?



स्कूटर चालवणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर नुसता पदर! हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातला अन्याय आपल्यालाही खुपत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटची सक्ती दोघांनाही होती. पण सूट देण्याचा अधिकार राज्यांकडे होता. दिल्लीत तो वापरून सरसकट सगळ्या स्त्रियांना वगळले गेले. २०१४ मध्ये ही सूट शीख स्त्रियांपुरतीच उरली.

सूट म्हणजे सन्मान नव्हे. सुरक्षेचा जो नियम आपल्याला वगळतो, तो आपला जीवही हिशेबातून वगळतो.

आज कायदा मागे बसणारीलाही मोजतो. पण घरात हेल्मेट एकच असेल, तर ते कुणाच्या डोक्यावर जाते? पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर घ्या. आणि घरी दुसरे हेल्मेट आणा.