लिंक चालत नाही? डेव्हलपरला फोन करण्याआधी तिचे तुकडे करून बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत लिंकचे तुकडे करून दाखवलेत. इथे त्यावरचं माझं मत सांगतो. ज्याला स्वतःच्या धंद्याची लिंक वाचता येत नाही, त्याने जाहिरातीवर एक रुपयाही घालू नये. कडक वाटेल, पण आधी किस्सा ऐका.

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून फराळ विकतात. दिवाळीआधी त्यांनी चकली आणि शेव अशी जोडी ऑफरमध्ये काढली आणि इन्स्टाच्या बायोत लिंक टाकली. लिंक दाबली की व्हॉट्सॲप उघडणार, त्यात तयार मेसेज: 'मला चकली & शेव 1 किलोचा पॅक हवाय'. मेसेज आले, पण सगळे एकसारखेच: 'मला चकली'. ताईंना वाटलं, लोकांना शेव नकोय. त्यांनी शेव करणं थांबवलं, ऑफर बंद केली, वर नव्या बॅनरचे दीड हजार मोजले. बॅनर नवा, लिंक तीच!

मी ती लिंक मोबाईलच्या नोट्समध्ये चिकटवली आणि प्रत्येक ? आणि & च्या आधी एंटर मारला. बस, एवढंच. पहिल्या ओळीत सुरुवातीला एचटीटीपीएस, म्हणजे कोणत्या पद्धतीने जायचं ते. मग डोमेन, इथे डब्ल्यूए डॉट एमई. तिरक्या रेघेनंतर पाथ, म्हणजे ताईंचा नंबर, पुढे 91 लावून, अधिकचं चिन्ह किंवा शून्य न लावता. इथपर्यंत सगळं बरोबर. ? नंतर क्वेरी, त्यात टेक्स्ट बरोबर 'मला चकली'. आणि खालच्या ओळीत एकटी पडलेली '& शेव'!

आपण & म्हणजे 'आणि' समजतो. लिंकमध्ये त्याचा अर्थ 'इथून नवी माहिती सुरू' असा होतो. म्हणून मेसेज तिथेच संपला. & हवाच असेल तर त्याजागी %26 लिहावं लागतं. आम्ही सरळ 'आणि' लिहून मोकळे झालो. # चंही तसंच. '#12 चा डबा' लिहिलंत की # पासून पुढचं फ्रॅगमेंट ठरतं, आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही.

(मराठी मेसेजची लिंक कॉपी केली की % ची लांबलचक शेपटी दिसते. एकट्या 'क' ची नऊ चिन्हं होतात. घाबरू नका, व्हायरस नाही, तुमचंच 'नमस्कार' आहे ते.)

याहून महाग चूक जाहिरातीत होते. ग्राहक कुठून आला ते कळावं म्हणून आपण लिंकच्या शेवटी यूटीएम जोडतो. लिंकमध्ये आधीच ? असेल तर पुढचा तुकडा & ने जोडायचा. तिथे दुसरा ? टाकलात तर तो आधीच्या माहितीला चिकटतो. प्रॉडक्ट नंबर 45 चा '45?यूटीएम...' होतो, आणि असं प्रॉडक्ट दुकानात नसतंच. क्लिकचे पैसे मात्र कापले जातात.

'सर, हे डेव्हलपरचं काम आहे ना?' साइट बनवणं त्याचं काम, मान्य. पण गल्ला मोजायला आपण रोज सीएला बोलावतो का? आणि फोन करायची वेळ आलीच, तर 'लिंक चालत नाही' एवढं सांगून त्याला काय कळणार? पाथ आणि क्वेरी काढून नुसतं डोमेन उघडून बघा. तेच उघडत नसेल तर आधी डोमेनचं रिन्यूअल आणि होस्टिंग तपासा. ते उघडतंय आणि पूर्ण लिंकवर 404 येतोय, तर बहुतेक वेळा पाथ चुकलाय. एवढं सांगितलंत तर त्याचा अर्धा तास वाचतो, आणि त्या अर्ध्या तासाचं बिल तुम्हालाच येणार होतं.

ताईंनी नवी लिंक आधी स्वतःच्या मोबाईलवर दाबली, मग नणंदेच्या. दोन्हीकडे मेसेज पूर्ण आला. त्याच संध्याकाळी त्यांनी शेवेचं पीठ मळायला घेतलं.