जोडी जमवा, पण सुरगाठीनं

मुंबईत जुनं घर शोधायला निघालात की वन बीएचके, टू बीएचकेच्या पाठोपाठ दलाल हळूच एक शब्द टाकतो: जोडी. ‘दोन वन बीएचके शेजारी शेजारी आहेत. मधली भिंत काढली की थ्री बीएचके तयार!’ ऐकायला हिशेब सरळ वाटतो. साडेचारशे अधिक साडेचारशे, नऊशे चौरस फूट. बोरिवली, मुलुंडपासून ठाणे, डोंबिवलीपर्यंत कितीतरी मराठी कुटुंबांनी याच हिशेबावर शेजारचं घर घेतलं. कुणी भावासाठी घेतलं, कुणी आईवडिलांसाठी, तर कुणी मुलाचं लग्न ठरलं म्हणून. माझं म्हणणं एवढंच की जोडी जरूर करावी, पण निरगाठीनं नव्हे, सुरगाठीनं. जोडीची खरी किंमत ती पुन्हा सुटी करता येते यात असते.

ही जोडी मुळात आली कुठून? बरीचशी कायद्याच्या पोटातून. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात सूट मिळालेल्या योजनांत सदनिकांच्या आकारावर मर्यादा असे. हा कायदा महाराष्ट्रात २००७च्या अखेरीस गेला. त्याच सुमारास आयकर कायद्यातली एक सवलतही जोरात होती. ३१ मार्च २००८पर्यंत मंजूर झालेल्या गृहप्रकल्पांचा नफा काही अटींवर करमुक्त होता आणि त्यातली एक अट अशी की मुंबई-दिल्लीत व आसपास सदनिका १,००० चौरस फुटांपेक्षा मोठी नको. हेतू लहान घरं वाढावीत हा. बिल्डरांनी नकाशावर दोन लहान घरं दाखवली आणि एकाच गिऱ्हाइकाला दोन करारांनी एक मोठं घर विकलं. अखेर २००९मध्ये कायद्यात नवी अट आली: अशा प्रकल्पात एका व्यक्तीला एकच सदनिका, आणि नवरा, बायको किंवा अज्ञान मुलांच्या नावावर दुसरी नाही. सरकारनं कागदावरच्या भिंती मोजल्या, बाजारानं त्या पाडण्याची सोय आधीच करून ठेवली होती.

बिल्डरनं ठरवून जमवलेल्या जोडीत निदान मधल्या भिंतीचा विचार झालेला असतो. शेजारी घर विकायला निघाला म्हणून जमलेल्या जोडीत तो नसतो. म्हणून पहिला प्रश्न चौरस फुटांचा नाही, मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी काय टेकलं आहे याचा आहे. हॉलला हॉल लागून असेल तर नशीब. दहा फुटी दोन हॉलचा ऐसपैस हॉल होतो. बेडरूमला बेडरूम लागून असेल तर त्यातली एक खोली कायमची ये-जा करण्याची वाट होऊन बसते. स्वयंपाकघरं किंवा न्हाणीघरं पाठीला पाठ लावून असतील तर त्या भिंतीत पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ असतात. तिला हात लावणं म्हणजे खालच्या-वरच्यांशी भांडण विकत घेणं. समोरासमोरच्या दोन घरांची तर जोडीच होत नाही. मधला लॉबीचा भाग सोसायटीचा असतो. बाहेरून एकच सेफ्टी डोअर लावून तो गिळणं म्हणजे अतिक्रमण, आणि आग लागली तर सुटकेच्या वाटेतला अडथळा.

त्यामुळे जोडीतले नऊशे फूट वापरात नऊशे भरत नाहीत. दुसरा प्रवेश, दुसरा पॅसेज, दुसरं स्वयंपाकघर यांत जागा जाते. हॉलच्या मधोमध खांब उभा राहतो. पण जे मिळतं तेही खरं. दुसरं दार असल्यानं आजी-आजोबांची मंडळी परस्पर येऊ-जाऊ शकतात आणि शिकवणीची मुलं घरच्यांच्या पायात येत नाहीत.

भिंत पाडण्याआधी ती कसली आहे हे पाहायलाच हवं. खांब-तुळयांच्या इमारतीत साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीत तीच भिंत वरचे मजले तोलून धरते. अलीकडच्या अनेक टॉवरांत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटनं ओततात. तिथं ओतकाम झाल्यावर जोडीचा विचार सुचला तर उशीर झालेला असतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि पालिकेची परवानगी यांना ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आता कागद. मुंबईत ५०० चौरस फूट चटईक्षेत्रापर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२पासून मालमत्ता कर माफ आहे. साडेचारशेची दोन घरं माफीत बसतात, एकच नोंद केलेलं नऊशेचं घर बसत नाही. सोसायटीत सेवाशुल्क दर सदनिकेला सारखं, म्हणजे जोडीवाल्याला दुप्पट. पण दोन्ही भागपत्रं एकाच नावावर असतील तर सर्वसाधारण सभेत मत एकच, कारण सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत. पुनर्विकासातही सदनिकांची संख्या मोजली जाते. मुंबईच्या २०३४च्या नियमावलीत जुन्या सोसायट्यांना वाढीव बांधकाम मिळतं ते सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढं. दोनाची एक नोंद केली की ही मोजणी एकानं घटते.

आयकर खातं मात्र वापर पाहतं. जुनं घर विकून आलेला भांडवली नफा शेजारच्या दोन घरांत गुंतवला आणि ती खरोखर एक करून वापरली, तर ते एकच घर धरता येतं, असं मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं २००७मध्ये म्हटलं होतं. म्हणजे दोन करार असूनही घर एक असू शकतं.

राहिला भाव. शेजारचं घर जोडल्यानं सर्वांत जास्त फायदा तुमचाच होणार हे विकणाऱ्या शेजाऱ्यालाही कळतं, म्हणून तो चढा भाव सांगतो. देताना एकच कसोटी लावावी: उद्या ही जोडी तिऱ्हाइताला विकायची झाली तर तो काय देईल? तेवढे पैसे मोजू शकणाऱ्याला मुळातच थ्री बीएचके म्हणून बांधलेलं घर हवं असतं, त्यामुळे जोडीत तो घासाघीस करतो. उलट लहान घराला गिऱ्हाईक नेहमी जास्त, कारण एकूण रक्कम आवाक्यातली असते. दुसरं स्वयंपाकघर फोडून तिथं वॉक-इन वॉर्डरोब करणारा माणूस हे दुसरं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं परत पाठवतो.

म्हणून सुरगाठ. भिंत पूर्ण पाडू नये, इंजिनीअर सांगेल तिथं दारापुरती फोडावी. दुसऱ्या स्वयंपाकघराचे नळ टोपी लावून जागेवर ठेवावेत. करार आणि भागपत्रं दोन ठेवावीत, जमल्यास दोन नावांवर. कर चुकवायला नव्हे. मुलं परदेशी गेली आणि नऊशे फुटांत दोघंच उरली की एक बाजू भाड्यानं देता यावी, आणि उद्या वाटणी करायची झाली तर दोन भावंडांना दोन किल्ल्या देता याव्यात म्हणून.

पालिकेनंही इथं थोडं शहाणपण दाखवावं. दोन नोंदी कायम ठेवून मधल्या दारापुरती परवानगी आणि घर सुटं करताना भिंत पूर्ववत बांधण्याची हमी, असा सोपा अर्ज असेल तर लोक लपूनछपून हातोडा चालवणार नाहीत. वर शहराला एक फायदा. शहरातली लहान घरं जोडीत कायमची विरून जाण्याऐवजी गरज सरल्यावर पुन्हा बाजारात येतील. लहान घरं वाढावीत म्हणून तीस-चाळीस वर्षं मोठमोठे कायदे करून जे साधलं नाही, त्यातलं थोडंफार या एका दारानं साधेल.