संख्याशास्त्र ही काय वाणिज्य शाखेची मिरास?

कला शाखेत का आलात, असे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण साहित्याची आवड, इतिहासाचे प्रेम, स्पर्धा परीक्षांची तयारी अशी प्रतिष्ठित उत्तरे देतील. खरे उत्तर मात्र वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री अकरानंतर ऐकायला मिळते : गणितातून सुटका! दहावीच्या निकालाबरोबर बीजगणिताला ज्याने कायमचा रामराम ठोकला, त्याला पुन्हा आकड्यांच्या वाटेला जायचे नसते. आणि जायचे नसते म्हणून आपण एक सोयीचा समज करून घेतला आहे, की आकडे हे वाणिज्यवाल्यांचे आणि माणसे आपली.

यंदा नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दुसऱ्या शाखेचा एक खुला ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली आणि सूचनाफलकावर ‘व्यावसायिक संख्याशास्त्र व माहिती प्रणाली’ ही ओळ झळकली, तेव्हा त्या फलकासमोर आपल्या शाखेची जी पांगापांग झाली ती पाहण्यासारखी होती. कला शाखेतून तो विषय घेणारे आम्ही अवघे चौघे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे माझ्या धाडसाचे फारसे कौतुक झाले नाही; पण मराठी वाङ्मय घेतलेल्या आमच्या एका मैत्रिणीला मात्र बाईंनी विचारले, ‘‘अगं, तुझं काही बिनसलंय का?’’

विषय अवघड नाही, हे आधी सांगून टाकतो. सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध, निर्देशांक, कालश्रेणी. सूत्र पाठ असले आणि बेरीज चुकली नाही की गुण मिळतात. माझी तक्रार निराळी आहे. या विषयात जे सगळ्यात रसाळ आहे, ते नेमके अभ्यासक्रमाच्या बाहेर राहते आणि हाती चोथा येतो. ही वाणिज्य विभागाच्या प्राध्यापकांवर टीका नव्हे. ठरलेल्या तासिकांत ठरलेली प्रकरणे संपवायची म्हटल्यावर दुसरे काय होणार? तरीपण बोलायला हवे, कारण जे बाहेर राहते ते आपल्या शाखेचे आहे.

निर्देशांकाचेच प्रकरण घ्या. लास्पेयरचे सूत्र पायाभूत वर्षातले नग धरते, पाशेचे चालू वर्षातले, आणि फिशरसाहेब दोघांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढतात व त्याला ‘आदर्श निर्देशांक’ म्हणतात. कोष्टकात वस्तू चार : अ, ब, क, ड. मी फिशरच्या सूत्राची अशी किती उदाहरणे सोडवली असतील कोण जाणे, पण त्या ‘अ’ला कधी वास आला नाही की ‘ब’ची कधी टंचाई झाली नाही. गणितातल्या वस्तूंना नावे नसतात, हाच सगळा घोटाळा आहे.

आता नावे असलेले एक गणित सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा महागाई भत्ता राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी बांधलेला होता. त्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष होते १९३३-३४. म्हणजे त्या सुमाराच्या कामगार कुटुंबाचा जमाखर्च तपासून जी टोपली भरली – धान्य, रॉकेल, कापडचोपड, खोलीचे भाडे – तिच्यावरून जवळजवळ तीस वर्षांनंतरच्या माणसाची महागाई मोजली जात होती. १९६३ साली बाजारात भाव चढत असताना निर्देशांक त्या मानाने हलेना, तेव्हा कामगार संघटनांनी त्या आकड्यावरच अविश्वास दाखवला. राज्य सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीला निर्देशांकात दोष आढळले आणि तो वर न्यावा लागला.

आता विचार करा. कामगारांचे भांडण फिशरशी नव्हते, लास्पेयरशीही नव्हते. भांडण होते ते टोपलीशी. कोणत्या दुकानातला भाव टिपला? ठरलेल्या प्रतीचे कापड बाजारातून नाहीसे झाले तर त्याच्या जागी कोणते धरले? भाडे जुन्या भाडेकरूचे की नव्याने खोली शोधणाऱ्याचे? यांतला एकेक प्रश्न लाखो घरांच्या पगाराच्या पाकिटात उतरतो. तो सोडवायला वर्गमूळ येऊन भागत नाही, चाळ ठाऊक असावी लागते. चाळीवर कथा-कादंबऱ्या वाचणारे आपण, निर्देशांक म्हटला की खिडकीबाहेर बघू लागतो. आणि निर्देशांक सोडवणाऱ्या माझ्या खोलीतल्या मित्राला गिरणीचा भोंगा कशासाठी वाजत असे हेही ठाऊक नाही. दोघांच्या शिक्षणात कुठेतरी भगदाड आहे, असे वाटत नाही का?

प्रमाण विचलनाची तर याहून मोठी कथा आहे, आणि ती आपल्या पुण्यात घडलेली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दर माणशी दररोज २२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो, हे पाहून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा पंधरा रुपये आणि शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. त्या रेषेखाली खेड्यांतले सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतले सुमारे पन्नास टक्के लोक सापडले. यावर आक्षेप घेतला तो पां. वा. सुखात्मे यांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे; जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रोममध्ये काम करून पुण्यास परतलेले. त्यांचे म्हणणे असे की, सरासरी गरज ही प्रत्येकाची किमान गरज नव्हे. माणसामाणसांत फरक असतो, एकाच माणसातही दिवसादिवसाला फरक पडतो. तेव्हा रेषा सरासरीवर न आखता सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली आखली पाहिजे. तशी आखली की उपाशी माणसांची संख्या एकदम खाली येते. दांडेकरांना हे पटले नाही, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी हा वाद चांगलाच रंगला.

मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. एखादा माणूस कमी खाऊनही धडधाकट राहू शकतो, हे खरे. पण एकाची गरज कमी तशी दुसऱ्याची जास्त. सबंध कुटुंबाची, सबंध वस्तीची सरासरी काढली की हे फरक बरेचसे एकमेकांत जिरतात. मग वस्तीच्या वस्ती दोन विचलने खाली जगत असेल तर त्याला निसर्गाचे वैविध्य कसे म्हणायचे? शिवाय कमी अन्नावर शरीर निभावून नेते म्हणजे काय करते, हे उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला विचारावे. अर्थात सुखात्मे हे ऐऱ्यागैऱ्यांपैकी नव्हेत, आणि कोणाला त्यांचीच बाजू पटेल. पटो बापडी! पण वाद करता यावा यासाठी दोन्ही बाजूंना प्रमाण विचलन म्हणजे काय ते कळायला हवे. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचे उदाहरण आहे, दहा विजेच्या दिव्यांच्या आयुष्याचे.

आता विषयाचा दुसरा अर्धा भाग : माहिती प्रणाली. हा भाग निव्वळ पाठांतराचा. व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा, आणि एक त्रिकोणी आकृती. तळाशी दैनंदिन व्यवहार, मध्ये नियंत्रण, शिखरावर धोरण. माहिती तळातून वर चढते, निर्णय वरून खाली उतरतात. ज्याच्याविषयी ही माहिती आहे तो माणूस त्या त्रिकोणात कुठे बसतो, हे मी बराच वेळ शोधले. तो त्रिकोणाच्या बाहेर, खिडकीपाशी उभा असतो. आमच्या गावी रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. शेण-मातीत आयुष्य गेलेल्या माझ्या आजीच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. यंत्र म्हणते, ही ती नव्हे. दुकानदार आजीला तीस वर्षे ओळखतो. पण यंत्रापुढे त्याचे काही चालत नाही. तो बिचारा म्हणतो, ‘‘काकू, सिस्टीम घेत नाही.’’

आजीचे धान्य तिसऱ्या खेपेला मिळाले. पण यंत्राचा शब्द अखेरचा मानला म्हणजे गोष्ट कुठवर जाऊ शकते, ते इंग्लंडच्या टपाल खात्याने दाखवून दिले आहे. तिकडे गावोगावची छोटी टपाल कार्यालये बहुधा एखादा दुकानदारच कराराने चालवतो. १९९९ पासून या कार्यालयांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेब प्रणाली बसवण्यात आली. आणि पाहता पाहता ठिकठिकाणी रोकड कमी पडू लागली. म्हणजे रोकड जागेवरच होती. संगणकातला हिशेब जास्त दाखवत होता. करार असा, की तूट आली तर पोस्टमास्तरने पदरची भरायची. कोणी घर गहाण टाकले, कोणी नातेवाइकांकडून उसने आणले. मदतीसाठी दूरध्वनी केला तर, असे फक्त तुमच्याच बाबतीत होते आहे, असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे सांगितले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. भारतीय वंशाची एक पोस्टमास्तरीण २०१० साली गर्भवती असताना तुरुंगात गेली. काहींनी आत्महत्या केल्या.

याच सुमारास तिकडच्या कायद्यात एक बदल झालेला होता. पूर्वी संगणकाचा कागद पुरावा म्हणून दाखल करायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली, आणि संगणक बरोबर आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. चूक आहे हे दाखवायचे काम पोस्टमास्तरावर. आणि दाखवायला लागणारी कागदपत्रे कंपनीच्या कपाटात! २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निकाल दिला, २०२१ साली अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना दोषमुक्त करावे लागले.

व्यवस्थापनाच्या त्रिकोणाची आकृती काढून गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रकरण कोणी शिकवावे? वाणिज्यच्या प्राध्यापकांनी हिशेबाची बाजू शिकवावी. पण पुरावा म्हणजे काय, साक्षीदारावर विश्वास केव्हा ठेवावा, कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, हे विचारायची शिस्त इतिहास विभागाची आहे. बखरीतला मजकूर जसाच्या तसा खरा मानू नका, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून बजावले जाते. संगणकातून निघालेला तक्ता हीसुद्धा एक बखरच, फक्त लिहिणारा दिसत नाही.

आपल्याकडे या गोष्टी एकमेकींपासून इतक्या दूर नव्हत्या. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापली आणि १९३३ साली तिचे नियतकालिक काढले, त्याचे नाव ठेवले ‘संख्या’. या शब्दात मोजणी आहे तसेच निश्चित ज्ञानही आहे, असा खुलासा त्यांनी केला होता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सांख्यदर्शन शिकणाऱ्यांना हे नाते सांगायला नकोच.

‘‘हे सगळे ठीक, पण आम्हांला नोकरी हवी आहे,’’ असे माझा वाणिज्यचा मित्र म्हणतो. त्याचे खोटे नाही. परंतु वर्गमूळ काढण्याची नोकरी आता कोणी देत नाही. ते काम हातातला मोबाइल क्षणात करतो. माणसाच्या वाट्याला उरते ते आकड्याला प्रश्न विचारणे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे रेशनचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर ठरत राहिला. मधल्या काळात जन्मलेली पोरे कोणाच्या सरासरीत गेली, हे विचारायला सूत्र लागत नाही.

माझी मागणी लहानशी आहे. पुढच्या वर्षी हा विषय अर्थशास्त्र, इतिहास आणि वाणिज्य या तिन्ही विभागांनी मिळून शिकवावा, आणि अंतर्गत गुणांसाठी अ, ब, क, ड ऐवजी आपल्याच गावातल्या विद्यार्थी-कुटुंबांचा महागाई निर्देशांक काढायला लावावा. भाव बुधवारच्या बाजारातून टिपायचे, भार वसतिगृहातल्या मुलांचे जमाखर्च पाहून ठरवायचे. खर्चाचा प्रश्न नाही. दोन वह्या आणि पायपीट. वेळापत्रकाचा प्रश्न आहे, तो प्राचार्यांनी मनावर घेतल्यास सुटेल. दोन्ही विभागांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे.

आम्ही चौघांनी पहिली यादी करूनही ठेवली आहे : ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, चहाची भुकटी, खोलीभाडे, एस.टी.चा पास, झेरॉक्स, मोबाइलचे रिचार्ज. सिनेमाचे तिकीट घ्यावे की नाही, यावर अद्याप एकमत झालेले नाही.