तोच कॅमेरा, नवं अक्षर

एप्सन म्हटलं की आपल्याला आठवतो ऑफिसातला प्रिंटर. पण जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा याच कंपनीनं २००४ मध्ये आणला, आर-डी१. छोट्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा. बॅटरी किती, फोटो किती उरले, हे दाखवायला चक्क घड्याळासारखे काटे. आणि डिजिटल असूनही प्रत्येक फोटोआधी रोलच्या कॅमेऱ्यासारखा अंगठ्यानं खटका ओढायचा!

२००९ मध्ये तोच जपानात पुन्हा आला, आर-डी१एक्स होऊन. बदल? स्क्रीन दोनाचा अडीच इंच, मोठी मेमरी कार्डं चालणार. मेगापिक्सेल तेच सहा. 'पाच वर्षांत एवढंच?' म्हणत अनेकांनी नाकं मुरडली. लायकानं त्याच वर्षी १८ मेगापिक्सेलचा एम९ आणला होता ना! वेड्या चाहत्यांना मात्र तो परत आला, हेच खूप.

मला खटकतो तो केलेला बदल. जुना स्क्रीन उलटा फिरवून झाकता यायचा. फोटो काढला की लगेच बघायचा मोहच नाही, नजर समोरच्या माणसावर. नव्यात स्क्रीन पक्का बसवला. सगळे मेगापिक्सेल मोजत बसले आणि खरी गंमत गेली ती तिथं.

अपग्रेडमध्ये काय आलं ते आपण बघतोच. काय गेलं, तेही विचारा, बॉस!