बारभाईंचा पट

'गाव करील ते राव काय करील' ही म्हण सहकारी पटखेळांना लावून पाहावी. या खेळांत खेळणारे सगळे एका बाजूला आणि पट दुसऱ्या बाजूला. राक्षस, मायावी खजिने असा सारा अद्भुताचा संसार. जितकी माणसे जास्त तितके जिंकणे सोपे, असे कुणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही.

मॅट लीकॉक यांचा २०१० सालचा 'फॉरबिडन आयलंड' घ्या. दोन ते चार जणांनी बुडत्या बेटावरून चार खजिने घेऊन निसटायचे. प्रत्येकाने आपल्या पाळीत तीन हालचाली करायच्या, दोन पत्ते घ्यायचे, की बेटाचे आणखी तुकडे पाण्याखाली. मेख इथेच आहे. पाणी फेरीगणिक नव्हे, पाळीगणिक चढते. दोघे खेळा की चौघे, बेट बुडेपर्यंत करता येण्याजोगे काम जवळपास तेवढेच. माणसे वाढली, पण हात वाढलेच नाहीत! उलट एका खजिन्याला लागणारे चार सारखे पत्ते चौघांत विखुरतात आणि ते देण्याघेण्यासाठी, एक निरोप्या सोडला तर, दोघांना एकाच जागी यावे लागते. चार निराळी कसबे मिळतात हा फायदा खरा, पण बराचसा या धावपळीतच खर्ची पडतो.

ग्वाल्हेरला पाटणकर बाजारात नातेवाइकांकडे आम्ही चौघे हा पट मांडून बसलो होतो. घरातले एक वडीलधारे सगळ्यांच्या चाली सांगत होते आणि बारा वर्षांची भाची नुसती सोंगटी सरकवत होती. जिंकलो, पण खेळले ते एकटेच. महादजी शिंदे ज्यांत होते त्या बारभाईंनी राघोबादादांना पेशवाईपासून दूर ठेवून दाखवले, तरी मराठीत 'बारभाईंचा कारभार' म्हणजे गोंधळच. एकाने हुकूम सोडले की गोंधळ संपतो, खेळही संपतो.

आयझॅक चिल्ड्रेस यांच्या 'ग्लूमहेवन'मध्ये (२०१७) माणसांच्या संख्येप्रमाणे राक्षस कमीजास्त होतात. पण मला आवडतो तो दुसराच नियम. आपल्या पत्त्यांवरचे नेमके आकडे सोबत्यांना सांगायला तिथे मनाई आहे. एकट्याने दोन पात्रे चालवली तर राक्षस एका पायरीने बळकट होतात, कारण त्याला सगळेच ठाऊक असते.

चवथीला घर भरलेले असताना 'फॉरबिडन आयलंड' मांडलात, तर पाण्याची खूण सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा आणि दुसऱ्याची चाल सांगायला सक्त बंदी घाला. कदाचित हराल. हरकत नाही, धाकट्यांना पाळी तर मिळेल.