जुना पूल पाडण्याचे श्रेय

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्हची ०.८२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. एकाच जावास्क्रिप्ट संहितेतून अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणालींसाठी अ‍ॅप घडवण्याची ही चौकट फेसबुकने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली होती. या आवृत्तीपासून ती केवळ नव्या अंतर्गत रचनेवर चालते. जुनी रचना पुन्हा चालू करण्याची सोय उरलेली नाही. नवे काय आले याची बातमी होते, काय निवृत्त झाले याची सहसा होत नाही. या निवृत्तीची दखल मात्र घ्यायला हवी, आणि तिचा एक धागा बेंगळुरूपर्यंत पोहोचतो.

जुन्या रचनेच्या मध्यभागी एक ‘ब्रिज’ होता. एका तीरावर जावास्क्रिप्ट, दुसऱ्या तीरावर फोनची मूळ प्रणाली. दोहोंमधील प्रत्येक निरोप आधी जेसन या मजकूर-स्वरूपात बांधला जाई, इतर निरोपांसह गठ्ठ्याने पलीकडे जाई आणि तेथे पुन्हा सोडवला जाई. उत्तर लगेच मिळण्याची सोय नव्हती. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० चित्रांच्या पडद्यावर त्याच्या निम्मे. वाचक वेगाने यादी सरकवू लागला की निरोप मागे पडत आणि पडद्यावर क्षणभर कोरी जागा दिसे.

ही अडचण बेंगळुरूच्या फ्लिपकार्टमधील अभियंत्यांना भेडसावली, कारण खरेदीच्या अ‍ॅपमध्ये वस्तूंची यादी संपतच नाही. त्यांनी ‘रिसायकलरलिस्टव्ह्यू’ ही मुक्तस्रोत लायब्ररी लिहिली. पडद्याबाहेर गेलेला घटक नष्ट न करता त्याच्यात नवा मजकूर भरून तो पुन्हा वापरायचा, ही तिची मूळ युक्ती. तिची एक अट होती : प्रत्येक घटकाची उंची आधीच सांगावी लागे. घटक मांडून तत्क्षणी मोजून घेणे जुन्या पुलावरून शक्य नव्हते. २०२२ मध्ये शॉपिफाय या कंपनीने तिच्याच पायावर ‘फ्लॅशलिस्ट’ उभारली. तिलाही उंचीचा अंदाज द्यावा लागे.

नव्या रचनेत जावास्क्रिप्टला मूळ प्रणालीतील वस्तूंशी थेट बोलता येते आणि मोजमाप त्याच क्षणी हाती येते. २०२५ मधील फ्लॅशलिस्टची दुसरी आवृत्ती केवळ या रचनेसाठी नव्याने लिहिली गेली, आणि तिच्यातून अंदाजाची अट नाहीशी झाली. जुन्या भागाची खरी किंमत येथे दिसते. तो स्वतः मंद असतोच. शिवाय त्याच्या मर्यादा झाकण्यासाठी त्याच्याभोवती युक्त्यांचे एक राज्य उभे राहते आणि काही वर्षांनी त्या युक्त्यांनाच विद्यार्थी शास्त्र समजू लागतात. खगोलशास्त्रात असे घडले आहे. ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकारच असल्या पाहिजेत हे गृहीतक टिकवण्यासाठी वर्तुळांवर वर्तुळे चढवली गेली. १६०९ मध्ये केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा ती उपवर्तुळे अनावश्यक ठरली.

म्हणून निवृत्ती हे बांधणीइतकेच सर्जनशील काम आहे, आणि ते संयमाने करावे लागते. नव्या रचनेची घोषणा २०१८ मध्ये झाली. २०२२ मध्ये ती इच्छुकांना वापरता येऊ लागली. ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ आवृत्तीत ती सर्वांसाठी मूळ निवड ठरली. जून २०२५ मध्ये जुनी रचना गोठवली गेली आणि तिच्यावर विसंबणाऱ्या संहितेला इशारे मिळू लागले. जुनी पॅकेजेस नव्या रचनेत चालावीत म्हणून मधला एक दुवाही ठेवला गेला. घोषणेपासून सक्तीपर्यंत सात वर्षे लागली.

तरीही या व्यवहारात कोणाचे नुकसान होते, हे सांगितले पाहिजे. मोठ्या कंपनीकडे बदलासाठी स्वतंत्र गट असतो. दोन-तीन जणांनी चालवलेले शेतीविषयक वा शैक्षणिक अ‍ॅप एखाद्या अशा पॅकेजवर उभे असते, ज्याचा मूळ लेखक केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. आधी बसवलेले अ‍ॅप एका रात्रीत बंद पडत नाही, कारण चौकटीची प्रत त्याच्या पोटातच असते. परंतु गूगल प्ले अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीशी जुळवून घेण्याची अट दरवर्षी पुढे सरकवते. जुन्या चौकटीवर थांबण्याची मुदत त्यामुळे मर्यादितच राहते.

यावर जुने भाग कायम ठेवणे हा उपाय नव्हे; तो भार पुढच्या पिढीवर ढकलणे होय. उपाय आहे देखभालीला पैसा आणि प्रतिष्ठा देण्याचा. बेंगळुरूच्याच झेरोधा कंपनीने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. ही दिशा योग्य आहे. मात्र एका कंपनीच्या औदार्यावर हा प्रश्न सुटणारा नाही. सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपच्या करारात पुढील पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी. संशोधन प्रकल्पांच्या अनुदानातही तसेच व्हावे : पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा त्यात लिहिलेली विश्लेषणाची संहिता अद्ययावत करण्याचे काम प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांकडेच आले, आणि अशा कामाला प्रबंधात स्थान नसते.

विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन करताना त्याने किती नवे लिहिले हे विचारले जाते. त्याने काय काढून टाकले, आणि ते काढताना त्यावर विसंबलेल्यांची काय व्यवस्था लावली, हेही विचारले जावे.